छत्री मंजूर होईपर्यंत

नमुन्यादाखल एक छत्री घेऊ. कंपनी काल्पनिक, छत्री काळी, आणि जाहिरात हवी आहे पावसाळ्यापूर्वी. हवामान खात्याच्या हिशेबाने मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनला पोचतो आणि आत्ता कुठे एप्रिल उजाडलाय, तेव्हा घाई कुणालाच नाही. लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणीचा भोंगा व्हायचा आणि आता कॉफीचं यंत्र शिट्टी मारतं, अशा एका एजन्सीत कॉपीरायटर तीन दिवस पेनाचं टोपण चावतो. चौथ्या रात्री साडेअकराला तो चहाच्या कपाखालचा कागद ओढून तीन शब्द लिहितो : ‘पावसाला म्हणावं, ये!’ आर्ट डायरेक्टर खाली एक मिटलेली छत्री काढतो. बाकी पान कोरं. दोघं एकमेकांकडे बघतात, काही बोलत नाहीत, खाली उतरून वडापाव खातात.

त्या जाहिरातीच्या आयुष्यातला हा शेवटचा सुखाचा क्षण.

इथून पुढे त्या तीन शब्दांना जिना चढायचा असतो. धंद्यात त्याला ‘अप्रूव्हल’ म्हणतात. मराठीत मंजुरी म्हणता येईल, पण मंजुरीत निदान होय किंवा नाही असतं. अप्रूव्हलमध्ये ‘छानच आहे, फक्त...’ असतं. या ‘फक्त’पुढे काय येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण त्याने सृष्टी केली तेव्हा वर दाखवायला कुणी नव्हतं.

पहिली पायरी एजन्सीतच असते. क्लायंटशी बोलणी करणारी सर्व्हिसिंगमधली मुलगी कागद हातात घेते. ती जाहिरात वाचत नाही. क्लायंट ती कशी वाचेल, ते वाचते. ‘मला स्वतःला आवडलंय,’ ती म्हणते, आणि ही ओळ ऐकली की अनुभवी कॉपीरायटर खुर्ची ओढून बसतो. तिला आवडलेलं असतं, तिच्या बॉसलाही आवडलेलं असतं. ज्याला आवडणार नाही असा एक माणूस जिन्यावर कुठेतरी वर उभा आहे, याबद्दल मात्र दोघांची खात्री असते. त्या माणसाला अजून कुणी विचारलेलंही नसतं. तरी त्याच्या वतीने पहिला बदल होतो आणि छत्रीच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव जरा ठळक येतं.

घरच्या लग्नाचा बस्ता बांधताना ज्यांनी दादरच्या दुकानात अख्खी दुपार काढली आहे, त्यांना पुढची बैठक ओळखीची वाटेल. गादीवर साड्यांचा ढीग, समोर अकरा बायका आणि भिंतीला टेकलेले दोन पुरुष. नवरीला पहिलीच साडी आवडलेली असते, पण पहिलीच कशी घेणार? आत्याला काठ बारीक वाटतो. मावशीला रंग डोळ्यांत खुपतो. जिला साडी नेसायची नाही ती सर्वांत जास्त बोलते. अखेरीस जी साडी बांधली जाते ती कुणालाच आवडलेली नसते. तिच्यावरचे आक्षेप तेवढे संपलेले असतात.

क्लायंटच्या कॉन्फरन्स रूममध्ये साडीच्या जागी छत्री असते. ब्रँड मॅनेजर विचारतो, ‘पण आपलं प्रॉडक्ट पावसाच्या विरोधात आहे ना? मग आपण त्याला बोलावतोय कशाला?’ मार्केटिंगचे प्रमुख कोऱ्या जागेकडे बोट दाखवतात : ‘एवढ्या जागेचे पैसे भरतोय आपण.’ विक्रीप्रमुखांना ती जागा देवानेच पाठवल्यासारखी दिसते, कारण त्यांना तिथे आठ काड्या, स्टीलचा दांडा, दोन वर्षांची गॅरंटी आणि राज्यातल्या सर्व विक्रेत्यांचे पत्ते टाकायचे असतात. मॅनेजिंग डायरेक्टर बराच वेळ गप्प असतात. खोलीत एसीचा आवाज तेवढा येतो. मग ते विचारतात, ‘छत्री मिटलेली का?’

मिटलेल्या छत्रीतच सगळी मिजास आहे, हे कुणीतरी सांगायला हवं असतं. आर्ट डायरेक्टर तोंड उघडतो, तोवर सर्व्हिसिंगच्या मुलीने वहीत लिहिलेलं असतं : छत्री उघडणे.

यातला एकही माणूस मूर्ख नसतो. पगारी माणसाने कागद पाहिला आणि ‘ठीक आहे, जाऊ द्या’ म्हणाला, तर त्याने काम काय केलं? ‘छान आहे’ म्हटल्याबद्दल कुणाला बढती मिळाल्याचं ऐकिवात नाही. दुरुस्ती ही त्या पायरीवरची हजेरी असते. सात पायऱ्या म्हणजे सात सह्या आणि सात सह्या म्हणजे निदान सात दुरुस्त्या. त्या जाहिरातीच्या भल्यासाठी असतात असा समज नवख्या कॉपीरायटरचा होतो, म्हणून तो वाद घालतो. जुना कॉपीरायटर मुद्दामच एक ढोबळ चूक ठेवून देतो. वरच्याला ती सापडते, त्याची हजेरी लागते, बाकीचं वाचतं.

या दुखण्यावर लेखी औषध काढणारी एक कंपनी होऊन गेली. अमेरिकेत १९६२ साली गाड्या भाड्याने देणारी एव्हिस कंपनी तोट्यात होती आणि हर्ट्झ तिच्या कितीतरी पुढे. एव्हिसचे प्रमुख रॉबर्ट टाउनसेंड हे बिल बर्नबाख यांच्या एजन्सीकडे गेले. बर्नबाख यांनी अट घातली : धंदा समजून घ्यायला नव्वद दिवस द्या, मग आम्ही आणू ते जसंच्या तसं छापा. टाउनसेंडनी ती मानली आणि कंपनीपुरता नियमच लिहून काढला. त्याचा मथितार्थ असा की एव्हिसने जाहिरात मंजूर करावी किंवा नामंजूर करावी, सुधारायला जाऊ नये. नव्वद दिवसांनी पॉला ग्रीन या लेखिकेने लिहिलेली जाहिरात आली. आम्ही दुसऱ्या नंबरवर आहोत म्हणून जास्त राबतो, असा तिचा अर्थ. आपण पहिले नाही हे स्वतःच्या पैशाने छापायचं! चाचणीत लोकांनी नाकं मुरडली, कंपनीतही फार कुणी उडी मारली नाही. पण नियम लिहून बसले होते. जाहिरात छापली गेली आणि कित्येक वर्षं तोट्यात असलेली कंपनी वर्षभरात नफ्यात आली. आपल्याकडे मॅनेजमेंट शिकलेल्या कुणालाही ही गोष्ट विचारा, ती त्याच्या स्लाइडमध्ये असते. टाउनसेंडचा नियम मात्र त्या स्लाइडमध्ये नसतो. तो बहुधा कुणीतरी अप्रूव्हलमध्ये काढलेला असतो.

छत्रीवर आता ‘पर्याय’ मागवले जातात. ‘दोन-तीन ऑप्शन दाखवा’ हे वाक्य उच्चारायला काही लागत नाही आणि ऐकणाऱ्याचा शनिवार-रविवार जातो. मग एक धाडसी, एक भित्रा आणि एक तिसराच असे तीन पर्याय तयार होतात. क्लायंट धाडसीची ओळ, भित्र्याचं चित्र आणि तिसऱ्याचा रंग एकत्र करायला सांगतो. या प्रथेला एका माणसाने सरळ नकार दिल्याचा दाखला आहे. १९८६ साली स्टीव्ह जॉब्ज यांना नेक्स्ट या नव्या कंपनीसाठी बोधचिन्ह हवं होतं. त्यांनी डिझायनर पॉल रँड यांना गाठलं. रँड आयबीएमचे सल्लागार, त्यामुळे आधी आयबीएमची परवानगी काढावी लागली. अप्रूव्हल जॉब्जनाही चुकलं नाही. मग जॉब्जनी काही पर्याय मिळतील का, असं विचारलं. रँड यांचं म्हणणं असं की मी तुमचा प्रश्न सोडवीन आणि तुम्ही मला पैसे द्याल. उत्तर वापरायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. एक बोधचिन्ह, एक लाख डॉलर. अंगठेबहाद्दरांच्या कचाट्यात सापडलेले कलावंत हा किस्सा एकमेकांना हनुमानाच्या गोष्टीसारखा सांगतात. उड्डाण पूर्वी कुणाला तरी जमलं होतं, एवढाच त्यातला दिलासा.

तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, ‘आपण भांडतोय कशाला? लोकांनाच विचारू.’ मग लोकांना विचारलं जातं. ठाण्याच्या एका खोलीत आठ माणसं बिस्किटं खात छत्रीच्या जाहिरातीवर बोलतात. घरी ही माणसं जाहिरात लागली की चॅनेल बदलतात, पण इथे प्रत्येकाला समीक्षकाचा मान आणि निघताना भेटवस्तू मिळते. ‘छत्रीला अजून भावना हव्यात,’ असं एक गृहस्थ सांगतात. अहवालात त्याचा तक्ता होतो. आकड्यांपुढे निर्मितीवाल्यांचं काही चालत नाही, हे गूगलसारख्या कंपनीतही दिसलं. तिथे निळ्या रंगाच्या दोन छटांत एकमत होईना, तेव्हा मधल्या ४१ छटांची चाचणी घेतली गेली. रेघ ३ पिक्सेल जाड असावी की ४ की ५, याचाही पुरावा मागितला गेला. डग्लस बोमन हे तिथले मुख्य दृश्य-डिझायनर २००९ साली नोकरी सोडून गेले आणि जाताना कारण लिहून गेले.

आणि मग येते भाषा.

मूळ तीन शब्द मराठीत सुचले, हा त्यांचा गुन्हा. मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक जाहिराती हिंदीत किंवा इंग्रजीत मंजूर होऊन मग मराठीत ‘अ‍ॅडॅप्ट’ होतात. मराठीतून सुरू झालेल्या ओळीला उलटा प्रवास करावा लागतो. मराठी न येणाऱ्या अधिकाऱ्याला पटवायला तिचं शब्दशः इंग्रजी सोबत जोडावं लागतं. ‘म्हणावं’मधला खांदा उडवून बोललेला बेफिकीर सूर इंग्रजीत गेला की तिथे फक्त ‘पावसाला सांगा की ये’ एवढं हवामानखात्याचं पत्रक उरतं. खात्री करायला कंपनीतला एकमेव मराठी माणूस शोधला जातो. तो अकाउंट्समध्ये असतो. पंचवीस वर्षं त्याला कुणी व्हाउचरपलीकडे काही विचारलेलं नसतं, त्यामुळे तो कागद घरी नेतो. सोमवारी लाल शाईने उत्तर येतं : ‘म्हणावं’ हे बोलीतलं आहे, ‘म्हणावे’ करावे. शिवाय पावसाला ‘ये’ म्हणणं बरं दिसत नाही, शेवटी तो वरुणदेव. तेव्हा ‘पावसास म्हणावे, यावे’. आता या ओळीखाली ‘आपले विनीत’ आणि मंगल कार्यालयाचा पत्ता तेवढा घालायचा राहतो.

याच मुंबईत, याच धंद्यात अरुण कोलटकर राबले. ‘जेजुरी’चे कवी जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले आर्ट डायरेक्टर होते. कॅगचा पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवला. हे कॅग म्हणजे महालेखापाल नव्हे, कमर्शियल कलाकारांचं गिल्ड. पण अप्रूव्हलच्या जिन्यावर चढून गेलेल्यांना दोन्हींतला फरक चटकन कळत नसावा. कविता मात्र त्यांनी कुणाच्या सहीसाठी पाठवल्या नाहीत. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली आल्या आणि पुढचे मराठी संग्रह यायला पाव शतक लागलं. कुठल्याही ब्रँड मॅनेजरने कागद इतका काळ अडवून ठेवलेला नाही. फरक एवढाच की पाव शतकानंतर बाहेर आलेल्या कवितांत कुणी विक्रेत्यांचे पत्ते घातलेले नव्हते.

छत्री एव्हाना लीगलच्या टेबलावर असते. महिना जून. बाहेर पाऊस आलेला असतो, तोही कुणी न बोलावता. वकीलसाहेबांना शंका असते : आपण जाहीरपणे ‘यावे’ म्हणायचं आणि उद्या हिंदमाताला कमरेएवढं पाणी साचलं तर? निमंत्रण छापील आहे. शिवाय छत्री वापरल्यावर माणूस भिजत नाही, असा यातून अर्थ निघतो. त्याला पुरावा काय? खांद्याचं काय? तेव्हा एक तारांकित टीप लागते.

वकिलांना हसणं सोपं आहे, पण त्यांच्या डोक्यावरही जिना असतो. चित्रपटगृहात दाखवायची जाहिरात असेल तर तिला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, तीन तासांच्या सिनेमासारखंच. टीव्हीच्या जाहिरातींना १९९४ चे केबल नियम आहेत. २०२४ साली तर कमालच झाली. औषधांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मे रोजी आदेश दिला की जाहिरातदाराने आधी स्व-घोषणापत्र द्यावं. त्यासाठी सरकारने पोर्टल उघडलं आणि १८ जूनपासून प्रत्येक नव्या जाहिरातीला हा दाखला सक्तीचा झाला. रोग औषधांच्या जाहिरातींचा होता, गोळी छत्र्या, साड्या आणि श्रीखंडाच्या जाहिरातींनाही मिळाली. आमची जाहिरात दिशाभूल करत नाही, असं जाहिरात देणाऱ्यानेच लिहून द्यायचं. म्हणजे शाळेचा दाखला विद्यार्थ्यानेच भरायचा आणि ‘वर्तणूक’पुढे ‘उत्तम’ लिहायचं. एजन्सीतली माणसं कल्पना सोडून पासवर्डच्या मागे लागली. धंद्यातून ओरड झाली आणि ३ जुलैला मंत्रालयाने ती अट खाद्यपदार्थ व आरोग्याशी संबंधित उत्पादनांपुरती आणली. पंधरा-सोळा दिवसांत छत्री सुटली. सरकारी कामाच्या मानाने हा वेग विक्रमी म्हणायला हवा; आमच्या काल्पनिक कंपनीत तेवढ्या दिवसांत एक मेलही पुढे सरकलेला नसतो.

जिन्यावर अडकलेली प्रत्येक जाहिरात सोन्याची असते, अशी कॉपीरायटर मंडळींची श्रद्धा आहे आणि तिच्या पुष्ट्यर्थ ती अ‍ॅपलचं उदाहरण देतात. मॅकिंटॉश संगणकासाठी दिग्दर्शक रिडली स्कॉटने केलेली ‘१९८४’ ही जाहिरात संचालक मंडळाने पाहिली आणि खोलीत सुतक पडलं. एका संचालकाने एजन्सीच बदलावी, असं सुचवलं. सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात विकत घेतलेला वेळ परत विकून टाका, असा हुकूम निघाला. शायट/डे या एजन्सीने अर्ध्या मिनिटाचा तुकडा विकला. एका मिनिटाचा मात्र काही केल्या ‘गिऱ्हाईक मिळेना’. त्याची किंमत आठ लाख डॉलर होती. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी तर निम्मे पैसे खिशातून घालायची तयारी दाखवली. २२ जानेवारी १९८४ ला जाहिरात लागली आणि आजही तिचे धडे शिकवले जातात. ही गोष्ट सांगून झाली की कॉपीरायटर उठून चहा प्यायला जातात, कारण पुढचं वर्ष सांगायचं नसतं. १९८५ साली त्याच कंपनीने, त्याच एजन्सीकडून, त्याच सामन्यासाठी ‘लेमिंग्ज’ ही जाहिरात करून घेतली. तिच्यात ऑफिसातली माणसं डोळे बांधून रांगेने कड्यावरून खाली पडत होती. हीच माणसं अ‍ॅपलला गिऱ्हाईक म्हणून हवी होती. ती जाहिरात आपटली आणि पुढच्या वर्षी एजन्सीही गेली.

जिन्यावरचे पहारेकरीही काही फार सांभाळतात असं नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये पेप्सीची एक जाहिरात आली. मोर्चा, पोलिसांची फळी, आणि मॉडेल केंडल जेनर पोलिसाच्या हातात पेप्सीचा कॅन देते की सगळीकडे आनंदीआनंद. ती कंपनीच्या स्वतःच्याच स्टुडिओत झाली होती, म्हणजे बाहेरच्या कुणा लहरी कलावंतावर खापर फोडायचीही सोय नव्हती. एवढ्या मोठ्या कंपनीत ती किती टेबलांवरून गेली असेल! दुसऱ्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली. त्या सर्व टेबलांवर कॅनचा रंग आणि नावाचा आकार नक्कीच नीट तपासला गेला असणार.

जिनाच काढून टाकल्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर, चर्चगेटपासून पेडर रोडपर्यंत होर्डिंगवर साठ वर्षं झळकतं आहे. १९६६ साली अमूल बटरचं काम सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे आलं. युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी काढली. पुढे चालू घडामोडींवर जाहिराती करायचं ठरलं तेव्हा अडचण उघड होती : बातमी आजची, मंजुरीची फाइल आणंदला जाऊन येईस्तोवर बातमी शिळी आणि लोणीही. अमूलचे प्रमुख डॉ. वर्गीज कुरियन यांनी त्यावरचा उपाय एका वाक्यात केला. मला दाखवू नका, लावा. त्यानंतर भरत दाभोळकरांसारख्यांनी या होर्डिंगांवर यथेच्छ शब्दखेळ केले. खोड्या अंगाशीही आल्या. गणेशोत्सवात ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’ लिहिल्यावर धमक्या आल्या. इंडियन एअरलाइन्सच्या संपावर टोमणा मारला तेव्हा विमानात अमूलचं लोणी देणार नाही, असं बजावण्यात आलं. तरी कुरियननी जिना परत बांधला नाही. पुढच्या पिढीत राहुल डाकुन्हांकडे काम गेलं, तरी पद्धत तीच राहिली. दूधउत्पादकांच्या सहकारी संस्थेत, जिथे एका बैलजोडीच्या कर्जालाही ठराव आणि अनुमोदन लागतं, तिथे लोण्याच्या जाहिरातीला सहीच लागत नव्हती.

आपल्या छत्रीच्या कंपनीत ही गोष्ट सर्वांना तोंडपाठ आहे. मॅनेजिंग डायरेक्टर तर दर बैठकीत सांगतात, ‘मला अमूलसारखं काहीतरी हवंय.’ मग पुढचा बदल सांगतात.

सप्टेंबरात ओळ पूर्ण होते : ‘पावसाळा असो वा उन्हाळा, दर्जेदार छत्री सोबतीला. आता पावसातही!*’ खाली बारीक अक्षरांत : ‘*अतिवृष्टीत व तिरप्या पावसात अनुभव वेगळा असू शकतो.’ छत्री उघडी आहे. तिच्याखाली हसरं चौकोनी कुटुंब आहे. कोऱ्या जागेत आठ काड्या आणि छप्पन्न विक्रेते आहेत. कंपनीचं नाव इतकं मोठं झालंय की छत्रीचा दांडा त्याच्यामागे गेला आहे.

हवामान खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरला मुंबईतून परततो. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, सर्व्हिसिंगची मुलगी पर्स उचलून निघालेली असताना, तिच्या फोनवर मेल वाजतो. ‘मंजूर. सगळ्यांना आवडलं. उद्या लावू या. फक्त, आता दिवाळी आली आहे, तर थोडं सणासुदीचं करता येईल का?’

आर्ट डायरेक्टर काही बोलत नाही. तो उघडी छत्री उचलून उलटी करतो, दांडा पुसतो, आत पिवळा दिवा घालतो, खाली झिरमिळ्या सोडतो. कॉपीरायटर मागे उभा राहून बघत असतो. कंदील बरा दिसतोय. फाइल सेव्ह होते : ‘छत्री_फायनल_फायनल_२७_कंदील’. मग दोघं खाली वडापाव खायला उतरतात. गाडीवाला वडा कागदात बांधतो तेव्हा पावसाची एक चुकार सर येते. दोघांपैकी एकाकडेही छत्री नसते.